प्रकरण सातवे : हुकूम गाजवणारी माणसे

महाल, नागपूर
९ फेब्रुवारी १९७५

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. अर्धे वाचतेस आणि चुलीवर दूध आहे म्हणून उठतेस.

मी पुस्तक लिहितो आहे. मॅट्रिकच्या मुलांसाठी, इंग्रजी शब्दांचे. एपासून झेडपर्यंत रांग लावलेली पुस्तके बाजारात ढिगाने आहेत. माझ्या पुस्तकात शब्द माणसांच्या स्वभावाप्रमाणे लावले आहेत. एका प्रकरणात सगळे चिडके, एकात सगळे आळशी, एकात बडबडे. सहा प्रकरणे झाली. सातवे आहे दुसऱ्यांवर हुकूम गाजवणाऱ्या माणसांचे आणि मनमानी राज्यकर्त्यांचे, आणि तिथे माझे गाडे अडले आहे. बॉसी, मार्टिनेट, ओव्हरबेअरिंग, ऑटोक्रॅट, टायरंट, डिक्टेटर. डिक्शनरी उघडली की निम्म्यांपुढे 'जुलमी' आणि उरलेल्यांपुढे 'हुकूमशहा'. मग इंग्रजांनी एवढे शब्द कशाला केले, हे मुलांना कसे समजवायचे?

रामटेकच्या शाळेत मॅट्रिकला इंग्रजीत तुझ्याइतके मार्क कोणालाच नव्हते. म्हणून हे काम तुला देतो आहे. इंग्रजी व्याख्या सोबतच्या चिठ्ठीवर उतरवून दिल्या आहेत. प्रत्येक शब्दाला आपल्या बोलण्यातला अर्थ लिही आणि घरातले एक उदाहरण दे. कागदाच्या एकाच बाजूला लिही. डावीकडे दोन बोटे समास सोड. आठ दिवसांत उत्तर पाहिजे.

गोपिकाच्या कॉलेजचे तू दोनदा लिहिलेस. त्याचा घोर तू करू नकोस. पोरगी मॅट्रिक होऊ दे, माझ्याकडेच राहील. मी बसलो आहे ना. मनोहररावांना नमस्कार सांग.

तुझा दादा,
चंद्रभान

*

पारशिवनी
१७ फेब्रुवारी १९७५

ती. दादाले वच्छलाचा नमस्कार.

पत्र पूर्ण वाचलं. दूध उतू गेलं.

एकाच बाजूनं लिहून राहिली, समासबी सोडला. पण भाषा माही आहे तशीच राहू दे. शुद्ध लिहायले बसली तं मले काही सुचतच नाही.

बॉसी हा हलका शब्द आहे. आमच्या शेजारची सिंधूताई दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाले गेली तरी तिथली सतरंजी कुठं टाकायची ते तीच सांगते. लोक हसतात अन् सोडून देतात. त्याले 'उगाचची कारभारीण' लिहून घे.

मार्टिनेट म्हणजे शिस्तीचा जाच करणारा. घरी चपला ओळीत नसल्या तं त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. बहिणीच्या पत्रातबी दोन बोटं समास मागते. राग नको येऊ देऊ गा, मस्करी केली.

ओव्हरबेअरिंगले मले दोन दिवस लागले. एका घरी एक माणूस आहे. पोह्याच्या बशा आल्या की तो सगळ्यायच्या बशीत लिंबू पिळते. कोणाले पाहिजे का, हे विचारत नाही. एकीचा लिंबानं घसा धरते, पण तो इतक्या मायेनं पिळते की तिच्यानं नाही म्हणवत नाही. ती खाते अन् दोन दिवस खोकलते. याले मराठीत एक शब्द मले सापडला नाही. 'ज्याच्या मायेखाली दुसरा दबते तो', असं काहीतरी कर.

बाकीचे शब्द मोठे आहेत, वेळ लागन. इथं गोपिकाचा अभ्यास चालू आहे. तिले बी.एस्सी. करायचं आहे. गणिताचं पुस्तक घेऊन धान्याच्या कोठ्यात बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. मामाच्या घरी खिडकीजवळ टेबल आहे का, हे तिनं विचारायले सांगितलं. 'मी बसलो आहे ना' हे तुहं वाक्य तिनं माह्या हातून पत्र घेऊन वाचलं.

तुही
वच्छला

*

नागपूर
१ मार्च १९७५

चि. वच्छलास आशीर्वाद.

झकास. लिंबाचे उदाहरण वाचून आपले बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले. ते असेच होते, कोणाला विचारणे त्यांना ठाऊकच नव्हते. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवले. ती हसायला लागली आणि हसतच स्वयंपाकघरात गेली. काय झाले विचारले तर पार्वती काही सांगेना. बायकांचे हे असेच.

आता महत्त्वाचे. ऑटोक्रॅट आणि टायरंट यांत फरक काय? दोघांच्याही हाती सगळी सत्ता, दोघेही कोणाचे ऐकत नाहीत. मुले इथे हमखास गोंधळतात. मला फरक सांगणारे उदाहरण हवे.

गोपिकाला सांग, पेपरच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचायचे नाही. रोज दूध प्यायचे. टेबल आहे, पण खिडकीजवळ ठेवल्यास लक्ष रस्त्यावर जाते, ते भिंतीकडेच राहील.

आणखी एक, सहज लिहितो. आमचे हेडमास्तर नत्थूजी यांचा मुलगा कृष्णकांत उमरेडला कोळशाच्या खाणीत क्लार्क आहे. सुपारीचेही व्यसन नाही. परवा नत्थूजींनी आपणहून भाचीबद्दल विचारले. सहज कानावर घातले.

चंद्रभान

*

पारशिवनी
२० मार्च १९७५

ती. दादाले नमस्कार.

उमरेडच्या मुलाचं तू सहज लिहिलं, मी सहज वाचलं. आता दोघंबी सहजच विसरू. गोपिकाचे चार पेपर झाले. गणिताचा पेपर देऊन आली ते उड्या मारतच.

तुह्या दोन शब्दायचा मी पीठ मळता मळता विचार केला. टायरंटले माहीत असते की आपण दुसऱ्याले छळून राहिलो. ऑटोक्रॅटले हे माहीत नसते. त्याले वाटते, आपण सगळ्यायचं भलं करून राहिलो, अन् लोक खुशीत आहेत. टायरंटचा राग तरी करता येते, दादा. दुसऱ्याचा रागबी करता येत नाही.

उदाहरण देते. एका घरी एक पोरगी मॅट्रिक झाली. शाळेच्या बाईनं तिचा नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म आणून भरला. पोरीनं त्याच्यावर सही केली, आपली सही तिले लय आवडली. त्याच आठवड्यात घरचा कर्ता माणूस गावाहून आला. टोपी खुंटीले लावली अन् म्हणाला, 'मी शब्द देऊन आलो.' आई भाकरी थापून राहिली होती, तिचा हातबी थांबला नाही. तो माणूस इतका आनंदात होता की त्यानं वाटेतून पेढे आणले होते. पोरीच्या तोंडात पहिला पेढा त्यानंच घातला. कॉलेज लग्नानंतरबी होते, म्हणाला. पोरीनं पेढा खाल्ला. तिनं तो खाल्ला म्हणून त्याले आजपर्यंत वाटते की ती खुशीत होती.

हे पुस्तकात बसते का, ते तू पाह्य.

वच्छला

*

नागपूर
६ एप्रिल १९७५

चि. वच्छलास आशीर्वाद.

फरक उत्तम सांगितलास. उदाहरण मात्र फार लांबले. मी ते एका वाक्यात आणले आहे : घरच्या ऑटोक्रॅटने मुलीला न विचारता तिचे लग्न ठरवले. पेढ्याचा तपशील काढला, परीक्षेत त्याचा उपयोग नाही.

ही पोरगी म्हणजे आपली चुलतबहीण यमुताई ना? तिच्या बाबतीत काकांनी असेच केले होते. मला तेव्हाही ते पटले नव्हते. शिकायचे होते बिचारीला.

हस्तलिखित मे महिन्यात प्रेसला देतो. गोपिकाचा निकाल लागताच कळव.

चंद्रभान

*

पारशिवनी
१४ जून १९७५

ती. दादाले नमस्कार.

गोपिका पास झाली. शंभरात एकाहत्तर. शाळेतल्या पोरीयमंदी पहिली. गणितात एकशे पन्नासपैकी एकशे एकतीस, हे तिनं तुले लिहायले सांगितलं, मी विसरली तं रागावन.

फॉर्मची तारीख जवळ आहे म्हणतात. फॉर्म तूच आणून ठेव. तिचे दोन सलवार-कुडते शिवून झाले. इथं कोणी घालत नाही, पण नागपुरात चालते म्हणाली. सकाळच्या यष्टीनं तिले घेऊन मीच येते. कोणत्या दिवशी येऊ, तेवढं कळव. टेबल भिंतीकडं असलं तरी तिले चालन.

एकवीस वर्षांत मी तुह्याकडं चार दिवस राहायलेबी आली नाही. या वेळी पोरीचं बस्तान बसवतपर्यंत राहीन म्हणते.

वच्छला

*

नागपूर
२२ जून १९७५

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

गोपिकाचे मनापासून अभिनंदन. घराण्याचे नाव काढले पोरीने. तिला माझा आशीर्वाद सांग आणि आता आनंदाची बातमी ऐक.

मी शब्द देऊन आलो.

निकाल कळताच नत्थूजी स्वतः माझ्या घरी आले. हेडमास्तर आपल्या उंबऱ्यावर आले हे केवढे, तूच विचार कर. त्यांना काही देणेघेणे नको, फक्त शिकलेली मुलगी हवी. कृष्णकांत शांत मुलगा आहे, खाणीचे क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे. मी मनोहररावांना वेगळे पत्र घातले होते, त्यांचा होकार काल आला. साक्षगंध ६ जुलैला रविवारी तुमच्याकडेच. पंधरा माणसे धरून चाल. लग्न दिवाळीनंतर.

कॉलेजचे म्हणशील तर ते लग्नानंतरही होते. माणसे समजूतदार आहेत.

पोरीचे चांगले झाले, माझ्या डोक्यावरचा भार उतरला. सोबत पेढ्यांचा पुडा पाठवतो आहे. पहिला पेढा माझ्या नावाने गोपिकाला भरव.

चंद्रभान

*

पारशिवनी
२७ जून १९७५

दादा,

यमुताई नव्हती ती. मी होती.

चोपन साल आठव. रामटेकचं घर. बाबाले जाऊन दीड वर्ष झालं होतं, तू चोवीसचा होता अन् सगळ्यायचं तुह्याच डोक्यावर होतं. ते मले तेव्हाबी दिसत होतं, म्हणूनच मी तोंड उघडलं नाही. तू पारशिवनीहून आला अन् मले पेढा भरवला. तुह्या आनंदात मी पाणी कसं टाकू, असं मले वाटलं. फॉर्म मी दुसऱ्या दिवशी बाईले वापस नेऊन दिला. वाईट माणसाच्या घरी तू मले दिलं नाही, हे मी कबूल करते. माह्यावर इथं कोणी हात उचलला नाही. पण एकवीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मले तो फॉर्म आठवला नाही.

मार्चमंदी मी हे सगळं तुले लिहिलं. मले वाटलं, तू वाचशील अन् ओळखशील. तू पेढा काढून टाकला अन् पोरगी यमुताई केली. अन् मलेच लिहिलं, शिकायचं होतं बिचारीले.

तुहा पुडा आला तेव्हा गोपिका दारातच होती. तिनं विचारलं, मामानं फॉर्म आणला का? मी पत्रच तिच्या हाती दिलं. तिनं पत्र वाचलं. तेव्हापासून ती जेवते, काम करते, पण माह्याशी बोलत नाही.

दादा, मी आजपर्यंत तुले काही मागितलं नाही. भाऊबीजेलेबी तू देशील ते घेतलं. आता मागते. नत्थूजीले सांग, पोरगी शिकणार आहे. ते तुले खाऊन टाकणार नाहीत. घरी तू एवढा वाघ, हेडमास्तरपुढं एकदा तोंड उघडून पाह्य. ह्यायच्या होकाराची चिंता करू नको. तू नाही म्हटलं तं हेबी नाही म्हणतील, तुह्यापुढं कोणी बोलते का?

६ तारखेच्या आत उत्तर दे.

वच्छला

*

नागपूर
२ जुलै १९७५

चि. वच्छलास,

तुझे पत्र तीनदा वाचले. मला काही समजेना. तू त्या दिवशी हसत होतीस, मला स्पष्ट आठवते. इतकी वर्षे मनात ठेवलेस आणि आज लिहितेस, यात माझा दोष किती आणि तुझा किती, हे तूच सांग. तेव्हाच मला एकदा सांगायचे होतेस.

शब्द परत घेता येत नाही. नत्थूजींच्या हाताखाली मला अजून काही वर्षे काढायची आहेत. सगळ्या शाळेत बातमी झाली आहे, शिपायानेसुद्धा माझे अभिनंदन केले. पोरीचा राग चार दिवसांचा असतो. तुझाही गेलाच होता ना.

देशात काय सुरू झाले आहे ते रेडिओवर ऐकले असशीलच. प्रेसवाले काल म्हणाले, मास्तर, डिक्टेटर, टायरंट असले शब्द सध्या छापणे बरे नाही, ते प्रकरण काढा. मी वाद घातला नाही. सातवे प्रकरण काढले. तुझी मेहनत वाया गेली याचे वाईट वाटते.

६ तारखेला सकाळच्या गाडीने येतो.

चंद्रभान

*

पारशिवनी
१५ नोव्हेंबर १९७५

ती. दादा,

चार महिने मी लिहिलं नाही. तुही तीन पत्रं आली, ती वाचली. लग्न ७ डिसेंबरले आहे, ते तुले माहीतच आहे.

साक्षगंधाच्या दिवसाचं तुले कोणी सांगितलं नाही ते आता सांगते. तू ओसरीत पाहुण्यायसंगं बसला होता, नत्थूजीले पानाचं तबक देत होता. आत गोपिकानं कोठ्याची कडी लावून घेतली होती. मी तुले निरोप पाठवला की पोरगी तयार होऊन राहिली. तयार कुठची. तिनं आतून सांगितलं, 'आई, तू फक्त बाहेर जाऊन एकदा नाही म्हण. मी जन्मभर तुह्या पाया पडीन.'

मले जाता आलं असतं. ओसरी दहा पावलं होती. पंधरा माणसं, हे, तू, नत्थूजी, सगळे तिथं हसून राहिले होते. माहे पाय उचलले नाही. मी दाराले तोंड लावलं अन् म्हटलं, 'कडी काढ, नाहीतं माहं मेलेलं तोंड पाहशील.' तिनं कडी काढली. मीच तिले साडी नेसवली, मीच धरून बाहेर आणलं. तुले वाटलं पोरगी लाजून राहिली.

तू मले सगळ्या शब्दायचे अर्थ विचारले. या बाईले काय म्हणतात ते तूच शोध, दादा. मी लय शोधलं. तुह्यावर सगळं ढकलून द्यावं असं मले रोज वाटते, पण कडी माह्या शब्दानं निघाली.

गोपिका परवा बोलली. चार महिन्यांनी बोलली अन् एकच गोष्ट मागितली. मांडवात तिले मामानं आणू नये. बाकी तुम्ही म्हणाल ते करते, म्हणाली, पण त्यायच्या हाताले धरून मी जाणार नाही. मी तिले समजावलं नाही. तिचं एवढं एक तरी मी ऐकणार आहे.

मामाच्या जागी ह्यायचे मित्र रुपराव उभे राहतील. लोकायले सांगू, तुही तब्येत बरी नाही. तू येऊ नको. तू मले कडेवर घेऊन गडावरच्या रामाले नेत होता, ते मी विसरली नाही. वहिनीले पाठव, तिचा मान तिले मिळन.

वच्छला

*

नागपूर
९ डिसेंबर १९७५

वच्छले,

मी आलो होतो.

पार्वती सकाळी निघाली तेव्हा मी म्हटलं, जा. मग मले घरात बसवेना. मागच्या गाडीनं आलो. पारशिवनीच्या स्टँडवर उतरलो अन् तिथल्याच बाकावर बसलो. तुह्या घराकडं पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. कोणीतरी विचारलं, मास्तर, लग्नाले का? मी म्हटलं, नाही, रामटेकची गाडी पाहून राहिलो.

तुमच्या मांडवात लाऊडस्पीकर होता. स्टँडपर्यंत सगळं ऐकू येत होतं. भटजीनं आवाज दिला, नवरीच्या मामानं नवरीले घेऊन यावं. मी उभा राहिलो, वच्छले. धोतर सावरलं, दोन पावलं टाकली. मग मंगलाष्टकं सुरू झाली. मी बाकावर येऊन बसलो अन् चार वाजताच्या गाडीनं परत आलो.

तुहं मार्चमधलं पत्र काढून वाचलं. एका वाक्यात आणलेलं नाही, तू लिहिलेलं, पूर्ण. त्यातली पोरगी कोण ते मी विसरलो होतो असं नाही. मले ते कधी माहीतच नव्हतं. मी तुले विचारलंच नव्हतं. गोपिकालेबी नाही विचारलं. पार्वतीले मी काल विचारलं, त्या दिवशी लिंबाचं वाचून तू काहून हसली होती? ती म्हणाली, आता विचारता का.

शाळेत नत्थूजी मले व्याही म्हणतात. मी हसतो.

संक्रांतीले पारशिवनीले येऊ का? मले तुह्याशी बोलायचं आहे. गोपिका आली असली तं तिच्याशीबी. येऊ का, एवढं फक्त कळव. तू म्हणशील तसं.

दादा

*

पारशिवनी
२० डिसेंबर १९७५

ती. दादाले नमस्कार.

पत्र मिळालं. तू स्टँडवर होता हे वहिनीलेबी माहीत नव्हतं. ते वाचून मी लय रडली.

गोपिका उमरेडले गेली. जातानी गणिताची पुस्तकं इथंच ठेवून गेली. मी म्हटलं, घेऊन जा, कामी पडतील. ती म्हणाली, राहू दे. तिचं पत्र अजून आलं नाही. संक्रांतीले पहिल्यांदा माहेरी येणार आहे, दोन दिवस.

तू येऊ का म्हणून विचारलं. माह्या आठवणीत तू मले पहिल्यांदाच काही विचारलं, म्हणून खोटं लिहीत नाही. नको येऊ.

वच्छला